काच अर्धीच उतरते

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव मधुकर सोनवणे. इंदूरमधल्या एका पॉलिटेक्निकमध्ये ते आम्हाला ऑटोमोबाइल शिकवायचे आणि एका हिंदी दैनिकाच्या रविवारच्या पानावर नव्या गाड्यांची परीक्षणं लिहायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला माणूस, आणि ती पदवी त्यांच्यामुळे. असं असूनही ते गेल्याची बातमी मला घरच्या माणसासारखी कळली नाही. पीथमपूरच्या ज्या कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग तपासतो, तिथे आत फोन नेऊ देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत कपाटातून फोन काढला, तर सरांच्या मुलाच्या, नीलेशच्या, चॅनेलवर नवा व्हिडिओ आल्याची सूचना होती. नीलेशही गाड्यांचीच परीक्षणं करतो, पण व्हिडिओवर. मला वाटलं, आली असेल कुठली नवी गाडी. उघडलं तर सरांचा हार घातलेला फोटो. मागे संथ बासरी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘जिनका अंदाज़ा कभी ग़लत नहीं हुआ’. त्याच्याही खाली, नेहमीच्या जागी, परदेशीपुऱ्यातल्या एका सीटकव्हरवाल्याची जाहिरात सरकत होती.

डबा तसाच बंद केला. मला आधी राग आला आणि रडू नंतर… हा क्रम माझा मलाच आवडत नाही, पण तसंच झालं. कारण ते वाक्य खोटं होतं. सरांचा अंदाज चुकला होता, माझ्याच गाडीच्या बाबतीत चुकला होता, आणि ती चूक त्यांच्या नावानिशी जाहीर व्हावी एवढं एकच त्यांनी शेवटी मुलाकडे मागितलं होतं. नीलेशने ते केलं नाही, उलट त्या चुकीवर हार घातला. म्हणून काही आठवडे थांबून आता मी हे लिहायला बसलो आहे.

मी मानपूरचा. आमचे वडील आधी ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी, तीही अर्धी हिंदीच. पॉलिटेक्निकला आलो तेव्हा मला इंजिन खोलता यायचं, पण त्यावर चार ओळी लिहिता यायच्या नाहीत. माझा पहिला प्रॅक्टिकलचा अहवाल सरांनी सगळ्या वर्गासमोर नाही, स्टाफरूमच्या दाराशी मला एकट्याला वाचून दाखवला. “‘वाहनाची अवस्था अत्यंत समाधानकारक आढळली’… हे कुठून आणलंस रे?” मी खरं सांगितलं, “गाइडमधून, सर.” ते म्हणाले, “मग गाइड पास झालं. तू अजून बाकी आहेस. रविवारी घरी ये.”

राजेंद्र नगरचं त्यांचं घर लहानच होतं. पुढच्या खोलीत गाड्यांच्या मासिकांचे गठ्ठे आणि त्या गठ्ठ्यांवर सरांच्या पत्नी विमलकाकूंनी वाळत घातलेले पापड. सरांनी एक मासिक माझ्यासमोर टाकलं, लाल पेन्सिल दिली आणि म्हणाले, “ह्या लेखातलं जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही गाडीला चालेल, ते खोड.” मी खोडत गेलो. दमदार इंजिन गेलं. ऐसपैस जागा गेली. वळून बघायला लावणारं रूप गेलं. ‘या किमतीत याहून चांगला पर्याय नाही’ हे वाक्य मी भीतभीत ठेवलं होतं, तर सरांनी पान उलटून दाखवलं… त्याच अंकात तेच वाक्य दुसऱ्या गाडीलाही लावलेलं होतं. तेही गेलं. सगळा लेख लाल झाला आणि शेवटी एकच वाक्य उरलं, की डिकीतला दिवा पिवळा आहे आणि रात्री सामान नीट दिसत नाही. सर म्हणाले, “बस. एवढंच त्या माणसाने बघितलं. बाकीचं त्याला दाखवलं होतं.” असे कितीतरी रविवार गेले. आज कारखान्यात माझ्या तपासणीच्या अहवालावर लोक विश्वास ठेवतात, तो त्या लाल पेन्सिलीवरचा विश्वास आहे.

डिप्लोमा झाल्यावर वडिलांनी माझ्यासाठी एका ट्रकमालकाकडे शब्द टाकून ठेवला होता. सरांना कळलं तसे ते स्कूटरवर बसून मानपूरला आले, तेही मागे काकूंना घेऊन. वडील संकोचाने उभेच राहिले. म्हणाले, “साहेब, इतना पढ़के करेगा क्या? गाडीच तर चालवायची आहे.” सर म्हणाले, “गाडी चालवायला तुम्ही आहात ना. हा गाडीतली चूक काढेल.” वडिलांना हसू आलं. “चूक काढायचेसुद्धा पगार मिळतात?” काकू दारातून म्हणाल्या, “नाही मिळत हो. यांच्याकडे बघा ना.” त्या हसण्यातच माझं इंजिनियरिंगला जाणं ठरलं.

सर मूळचे महूचे. त्यांचे वडील फौजेत वाहनांच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे लहानपण ग्रीसच्या वासात गेलेलं. पण लोक समजतात तसे ते गाड्यांचे वेडे वगैरे अजिबात नव्हते. स्कूटर सोडली तर त्यांनी आयुष्यात स्वतःची गाडी घेतली नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “जो गाडी घेतो तो तिचा वकील होतो. मला वकील नाही व्हायचं.” ही गोष्ट त्यांना अनुभवाने कळली होती. सुरुवातीला तेही इतरांसारखेच कंपनीच्या निमंत्रणावरून जात. कंपनी गाडी देते, निवडून काढलेली, टायरची हवा मोजून भरलेली. तलावाकाठचं हॉटेल देते. सकाळी रिकामा गुळगुळीत रस्ता देते. अशाच एका ठिकाणी सरांनी मागच्या सीटवर बसायला मागितलं, तर कंपनीचा माणूस गोंधळून गेला. मागे बाकीच्या पत्रकारांच्या बॅगा ठेवल्या होत्या. “पीछे बैठके कोई गाड़ी नहीं लिखता सर,” तो म्हणाला. सर पुन्हा कधी गेले नाहीत.

मग त्यांनी ठरवलं की वापरणाऱ्यांना विचारायचं. सर्व्हिस सेंटरच्या बाहेर उभे राहून ते गाडीमालकांशी बोलू लागले. आणि तिथे त्यांना दुसरा धडा मिळाला. गाडी लिफ्टवर चढलेली, खालून तेल गळतंय, मेकॅनिक मान हलवतोय, आणि मालक इंदुरी थाटात सांगतोय, “मक्खन है भिया, मक्खन! आँख बंद करके ले लो.” आपल्याकडे गाडी एकट्याची नसते. सासऱ्यांना दाखवलेली असते, पेढे वाटलेले असतात, शेजाऱ्याने आधीच नाक मुरडलेलं असतं. तेव्हा ती वाईट निघाली हे कबूल करणं म्हणजे सगळ्या घराने मान खाली घालणं. सर म्हणायचे, परीक्षण करणारा कंपनीचा मिंधा आणि मालक स्वतःच्या निवडीचा मिंधा. मग राहिलं कोण? ज्याने गाडी निवडली नाही, पण ज्याला तिच्यात बसावं लागतं, तो. म्हणजे बहुतेक वेळा ती.

तेव्हापासून सर ओळखीतल्या कुणाची तरी वापरलेली गाडी एका दिवसासाठी मागून घ्यायचे, काकूंना मागे बसवायचे आणि मानपूरच्या घाटात जाऊन यायचे. काकू मला म्हणायच्या, “दिनेश, तुझ्या सरांनी मला प्रत्येक गाडीत फिरवलं रे. पण सगळं जग मागून दाखवलं.” सर त्यांना प्रवासात काही विचारत नसत. आरसा थोडा तिरका करून त्यांच्या हाताकडे बघत. हात खिडकीवरच्या कडीला घट्ट असेल तर एक अर्थ, मांडीवर असेल तर दुसरा. वाचणाऱ्यांना ते हेच सांगत, की तज्ज्ञाचं ऐका, पण तो कुठल्या सीटवर बसून बोलतोय ते आधी विचारा.

अशा लिखाणाचं पुढे जे व्हायचं ते झालं. त्यांच्या लेखाच्याच खाली गाड्यांच्या जाहिराती असत. संपादकांनी एकदा बोलावून घेतलं. “सोनवणे जी, गाड़ी में कुछ तो अच्छा होगा?” सर म्हणाले, “आहे ना. सीट बेल्ट नाही लावला तर घंटी छान वाजते.” पुढच्या महिन्यात पानावर तारे आले. प्रत्येक गाडीला पाचपैकी चार किंवा साडेचार. सरांनी तारे द्यायला नकार दिला, तर त्यांचा मजकूर कापून उरलेल्या भागावर दुसऱ्याच कुणीतरी तारे दिले, खाली नाव सरांचं. त्या रविवारी सर स्वतः जाऊन सदर बंद करून आले. एकाही वाचकाने विचारलं नाही, की ते का थांबलं… मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्याच संपादकांनी परवा त्यांच्या आठवणीत बोलताना ‘बेबाक कलम’, म्हणजे निर्भीड लेखणी, असा शब्द वापरला आणि रुमालाने डोळे टिपले.

सदर बंद झालं आणि नीलेशचं चॅनेल सुरू झालं. नीलेश वाईट मुलगा नाही. बोलण्यात चतुर, कॅमेऱ्यासमोर मोकळा, आणि बापावर त्याचं प्रेम होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. “पप्पा, वाचून गाडी कोण घेतं? लोक आधी गाडी घेतात, मग माझा व्हिडिओ बघतात. अपन ने सही किया, एवढं ऐकायला. तुम्ही त्यांना ते पण ऐकू देत नव्हता.” मला वाटतं, सरांना ते पटलं होतं, आणि पटल्याचंच दुःख होतं.

मी माझी, म्हणजे आमच्या सगळ्या पिढ्यांतली पहिली गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मीसुद्धा शहाणपण विसरलो. सुटे भाग तपासण्यात दिवस घालवणारा मी घरी आल्यावर तासन्‌तास व्हिडिओ बघत बसायचो. एका उंच, रुबाबदार गाडीवर मन बसलं होतं. सगळ्यांनी तिची आरती केली होती. नीलेशने तिला दहापैकी साडेनऊ दिले होते. सर मला म्हणाले, “अर्धा का कापला, ते विचार त्याला.” मी खरंच विचारलं. नीलेश हसत सुटला, “पूरे दस दिए तो लोग बिका हुआ बोलते हैं ना, भिया!” तो अर्धा गुण गाडीचा नव्हताच. तो त्याच्या प्रामाणिकपणाच्या देखाव्याचा होता.

सर म्हणाले, “आईला घेऊन ये.” थंडीचे दिवस होते. त्यांनी दोन गाड्या मागून आणल्या, एक ती उंच गाडी आणि एक साधी, बुटकी, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं. आई दोन्हींत आळीपाळीने मागे बसली. उंच गाडीत चढताना तिने दाराला धरून स्वतःला वर ओढलं आणि बसल्याबसल्या म्हणाली, “छान आहे की रे. किती ऐटबाज.” मी खूश. सरांनी मला आरशात बघायला सांगितलं. आईचे पाय खाली टेकत नव्हते. घाटातल्या प्रत्येक वळणावर तिची मूठ वरच्या कडीवर आवळली जात होती, आणि तोंडाने चालू होतं, “छान आहे, छान आहे.” आपल्या घरातल्या आया गाडीला नाही, मुलाच्या आनंदाला गुण देतात. हे कुठल्याच परीक्षणात लिहिलेलं नसतं. बुटक्या गाडीत ती काहीच म्हणाली नाही. थोड्या वेळाने हात मांडीवर आला, आणि मग ती बाहेर बघून बोलायला लागली, अमक्याची चक्की बंद पडली वाटतं, तमक्याने घर वाढवलं. सर हळूच मला म्हणाले, “हात सुटला. ही घे.” घेतली.

सरांची एक पद्धत होती. त्यांच्या सल्ल्याने गाडी घेणाऱ्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर त्यांना पत्र लिहायचं. फोन नाही, पत्र. फोनवर माणूस नुसतं बरं बोलतो, कागद समोर असला की जरा थांबतो, असं त्यांचं मत. आणि पत्रात फक्त गाडीत काय वाईट निघालं तेवढंच लिहायचं. बहुतेक लोक पाठवतच नसत. पाठवलं तरी ‘गाडी बढ़िया है, आपका आशीर्वाद’. मी मात्र लिहिलं, कारण वाईट निघालेली एक गोष्ट मला सांगणं भाग होतं. पाठवण्यापूर्वी त्याची नक्कल ठेवली, हीसुद्धा सरांचीच शिकवण.

पत्र पोचल्यावर सरांचा फोन आला. आधी एकच शब्द… “काच.” मग म्हणाले, “अरे, इतकी वर्षं मागच्या सीटचं कीर्तन करत फिरलो, आणि मागची काच खाली करून बघितली नाही! थंडी होती म्हणून? ही काय सबब झाली?” आवाजात लाज होती आणि एक विचित्र आनंदही होता. जणू कुणीतरी शेवटी त्यांच्याकडची लाल पेन्सिल घेऊन त्यांचंच वाक्य खोडलं होतं. “दिनेश, हे सगळ्यांना कळायला हवं. माझ्या नावासकट.”

त्या रविवारी मी राजेंद्र नगरला गेलो, ती आमची शेवटची भेट. सर खुर्चीत उशा लावून बसले होते, चार पावलं चालले तरी दम लागायचा. नीलेश गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. सरांनी त्याला पत्र दिलं. “तुझ्या व्हिडिओत वाच.”

“पप्पा, इतनी लंबी चिट्ठी? चाळीस सेकंदांत लोक भागतात.”

“मग चाळीस सेकंदांत एवढंच सांग, सोनवणेने काच बघितली नाही.”

“तुमचं नाव आहे म्हणून तर लोक माझ्यावर भरोसा करतात. मीच सांगू, की पप्पा ग़लत थे?”

“हो. मग खरा भरोसा करतील.”

“नहीं करेंगे, पप्पा. छोड़ देंगे.”

काकू आतून आल्या. “अरे, उलटी झाली याच्या माउलीला आणि भांडताय तुम्ही बापलेक!” आम्ही सगळे हसलो. नीलेशने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. “देखता हूँ,” म्हणाला. इंदूरमध्ये ‘देखता हूँ’ म्हणजे काय, हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही. निघताना सर म्हणाले, “जो आपण कुठे चुकलो ते सांगत नाही, त्याचं कुठलंच खरं धरू नकोस. माझंही.” मी पाया पडायला वाकलो तर नेहमीसारखे पाय मागे घेतले.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. सकाळी सरांच्या छातीत कळ आली. नीलेशने आपली गाडी दाराशी आणली, तीच उंच, साडेनऊ गुणांची. सरांना तिच्यात चढवता येईना. पाय उचलेना, आणि पायरी उंच. नीलेशने काखेत हात घालून वर ओढलं, काकूंनी मागून रेटलं. सर आत पडल्यासारखे बसले, काकूंच्या खांद्याला टेकले, आणि धापा टाकत म्हणाले, “नीलेश… पायरी फार उंच आहे रे… लिही.” काकू म्हणाल्या, नीलेश हॉस्पिटलपर्यंत रडत गाडी चालवत होता. मला ते खरं वाटतं. आणि दुपारच्या आत त्याने तो व्हिडिओ टाकला, हेही खरंच आहे. दोन्ही एकाच माणसाने एकाच दिवशी केलं… हे मला जमवून घेता येत नाही, एवढंच. त्यानंतर मी दोनदा त्याला पत्राची आठवण करून दिली. “भिया, अभी नहीं. अभी लोग इमोशनल हैं,” एवढं उत्तर आलं. मधल्या काळात त्या उंच गाडीचा नवा व्हिडिओ मात्र आला, आणि त्यात होतं, ‘पप्पा की आख़िरी सवारी’. पायरीबद्दल एक शब्द नव्हता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गल्ली गाड्यांनी भरून गेली होती. ज्या ज्या गाड्यांना सरांनी नको म्हटलं होतं, त्या सगळ्या तिथे ओळीने उभ्या होत्या. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. बाहेर पडताना एका गृहस्थाने मला बाजूला घेतलं. “आप तो उनके चेले हो. बेटे के लिए कौन सी लें?” मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, “वैसे वो नई वाली बुक कर दी है.” त्याला माझं मत नको होतं. सरांच्या घराच्या दारात, सरांच्या विद्यार्थ्याकडून, त्याला फक्त शाबासकी हवी होती. मी म्हणालो, “छान आहे.” आईसारखं.

संध्याकाळी काकूंना महूला त्यांच्या बहिणीकडे सोडायला निघालो. पुढची सीट रिकामी होती, तरी त्या सवयीने मागे बसल्या. मीही सवयीने आरसा थोडा तिरका केला. हात मांडीवर होते. राऊ गाव मागे पडल्यावर त्यांनी काच खाली केली. काच मध्यावर येऊन थांबली. त्यांनी बटण पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. “इथेच का?” “हो काकू, इथेच.” उघड्या राहिलेल्या त्या अर्ध्या फटीला त्यांनी हात लावून बघितला. मग म्हणाल्या, “नीलेश नाही वाचणार रे ते. तू दे कुठेतरी छापायला. त्यांनी सांगितलं होतं.” त्या दिवसानंतर मी तो आरसा सरळ केलेला नाही. मागून येणारी वाहनं नीट दिसावीत म्हणून बाहेरच्या आरशांकडे बघतो.

तर हे ते पत्र. नीलेशच्या खिशात गेलं, ते.

आदरणीय सर,

सादर नमस्कार. आपण सांगितल्याप्रमाणे एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला, म्हणून लिहीत आहे. चांगलं लिहायचं नाही असं आपण बजावलं होतं, म्हणून तो भाग सोडला आहे.

पावसात डिकी उघडली की झाकणावर साचलेलं पाणी सामानावर पडतं. हॉर्नचा आवाज बारीक आहे. घाटात ट्रकवाल्यांना ऐकू जात नाही. बाबा म्हणतात, ही सायकलची घंटी आहे, आणि ट्रक दिसला की हॉर्न वाजवायच्या आधी स्वतःच ओरडतात.

तिसरी गोष्ट मागच्या काचेची. ती अर्धीच खाली उतरते. आपण गाडी बघितली तेव्हा थंडी होती आणि काचा बंद होत्या, त्यामुळे हे आपल्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. मे महिन्यात आम्ही इंदूरहून मानपूरला जात होतो. आईला मळमळायला लागलं. ती मला काही बोलली नाही. आधी तिने काच खाली केली, पण डोकं बाहेर काढण्याइतकी जागा झाली नाही. तेव्हा तिने पदरातच उलटी केली आणि पदर गुंडाळून मांडीवर धरून बसली, नवी गाडी खराब होऊ नये म्हणून. मी आरशात बघत होतो. हात मांडीवर दिसले, म्हणून मला वाटलं ती आरामात आहे. घरी उतरल्यावर वास आला तेव्हा कळलं. मी विचारलं तर म्हणाली, गाडी छान आहे, माझंच पोट बिघडलं होतं.

परवा गाडी धुताना मागच्या खिशात प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या. घडी घालून, एकात एक ठेवलेल्या. तेव्हापासून ती त्या बरोबर घेऊनच बसते, आणि मला त्यातलं काही माहीत नाही असं तिला वाटतं. मी त्या होत्या तशाच परत ठेवल्या.

सर, हात सुटला म्हणजे गाडी चांगली, हे दर वेळी खरं नसतं. पुढे कुणाला गाडी सांगाल तेव्हा मागची काच आधी पूर्ण खाली उतरवून बघा, एवढीच विनंती.

आपला विद्यार्थी,
दिनेश